साडेअकरा वाजले की सौरपंप बसतो: दोष पॅनेलचा की बावेचा?

अंगणातला चिरा इतका तापलाय की अनवाणी पाय ठेववत नाही. आभाळात औषधालाही ढग नाही. आणि पंप बंद. कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलची वीज मोटारीला पुरवणाऱ्या पेटीवर, लाल दिवा. अर्ध्या तासाने तो आपोआप उठतो, पाच-सहा मिनिटं पाणी टाकतो आणि पुन्हा बसतो. संध्याकाळपर्यंत ह्याच उठाबशा. गंमत म्हणजे सकाळी दहाला त्याच पंपाचं पाणी पाटात मावत नाही. दिवाळीनंतर चार महिने काही तक्रार नसते. शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या की दुखणं सुरू होतं आणि मिरगाचा पाऊस लागला की विसरायला होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमची वाडी गुहागर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. साठ माड, पावणेतीनशेच्या आसपास पोफळी, मध्ये जायफळाची थोडी झाडं. बाव, म्हणजे विहीर, जांभ्यात खोदलेली, १२ फूट व्यासाची. पाण्यात बुडवून ठेवायची ३ एचपीची थ्री फेज मोटार आणि ३००० वॅटची पॅनेलं. पाणी वरच्या टप्प्यावर चढवायचं आणि तिथून पाटाने आळ्याआळ्यात सोडायचं, अशी जुनीच पद्धत. दोन उन्हाळे मी नको तिथे खोदत बसलो, म्हणून आधी चुका सांगतो.

पहिल्या वर्षी सगळा राग पॅनेलवर काढला. खारा वारा, पहाटेचं दव आणि रस्त्याच्या कामाची तांबडी धूळ मिळून काचेवर पापडीसारखा थर बसतो, तोच नडत असणार असं वाटलं. दर दोन दिवसांनी पुसायला लागलो. पाणी वाढलं, नाही असं नाही. पण पंप साडेअकराच्या ऐवजी सव्वाअकरालाच बसू लागला. तेव्हाच शहाणपण सुचायला हवं होतं. काच स्वच्छ केल्यावर दुखणं लवकर येतं, म्हणजे दुखणं काचेत नाही.

दुसऱ्या वर्षी तंत्रज्ञ आला. त्याने कंट्रोलरचा संदेश वाचला, ‘ड्राय रन’, म्हणजे मोटारीला पाणी मिळत नाही. बाव वाकून पाहिली, तळाशी पाणी चमकत होतं. ‘पाणी तर आहे, सेन्सिंग चुकतंय,’ म्हणाला आणि ते संरक्षणच बंद करून गेला. पंप दिवसभर फिरत राहिला, मी खूश. आठवडाभराने मोटारीचा आवाज बदलला. वर काढली तर सील आणि बुश गेलेले. पाण्यातली मोटार भोवतीच्या पाण्यावरच थंड राहते, आतल्या बुशांना वंगणही पाण्याचंच. कोरडी फिरली की संपली. त्यामुळे कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी ड्राय रनचं संरक्षण बंद करून घेऊ नका. तो संदेश बहुतेक वेळा खरा असतो. आम्हालाच तो खरा वाटत नाही, कारण बावेच्या काठावरून पाहताना दोन फूट पाणी काय आणि सहा फूट काय, सारखंच दिसतं.

तिसऱ्या वर्षी दोरी सोडली. काथ्याची दोरी, टोकाला दगड, दर फुटाला गाठ. त्या दिवशी जे कळलं ते दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

हिशोब असा. गोल बावेचा व्यास फुटात मोजा, त्याचा वर्ग करा आणि २२ ने गुणा. बावेत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे साधारण तितके लिटर. आमची बाव १२ फुटी, म्हणजे १४४ गुणिले २२, फुटाला सुमारे ३२०० लिटर. एप्रिलमध्ये सकाळी पाणी सहा फूट. तळाचं दीड फूट मोटारीसाठी सोडावंच लागतं. हाताशी उरलं साडेचार फूट, म्हणजे सव्वाचौदा हजार लिटर.

आता झरे. पंप बसल्या बसल्या दोरी सोडली आणि बरोबर तासाने पुन्हा सोडली. पाणी नऊ इंच चढलं होतं. म्हणजे तासाला २४०० लिटर. आणि भर उन्हात आमचा पंप ओढतो तासाला १५ ते १६ हजार लिटर. हे बादली आणि घड्याळाने मोजलेलं आहे, कागदावरचं नाही. बाव भरते बोटाने, आपण उपसतो हाताने. पूर्ण वेग आल्यापासून सव्वा तासात बाव तळाला जाते. साडेअकराचं कोडं एवढंच होतं.

मग पुढच्या उठाबशाही उलगडल्या. पंप बसला की कंट्रोलर अर्धा तास थांबतो. तेवढ्या वेळात झरे १२०० लिटर भरतात. पंप उठतो, ते पाच-सहा मिनिटांत संपवतो आणि बसतो. ते पाणी आधी रिकामी नळी भरतं, मग पाटात येतं, आणि आमच्याकडच्या रेताड मातीत पहिल्या चार आळ्यांच्या पुढे पोचतच नाही. खालच्या टोकाच्या पोफळी पिवळ्या पडत होत्या त्या यामुळे. बावेतून पाणी निघत होतं, झाडापर्यंत जात नव्हतं.

विजेच्या पंपावर हे कधी जाणवलं नाही, कारण तेव्हा बाबा सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पंप लावत. बावेला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळायचा. त्याआधी रहाट होता तेव्हा तर प्रश्नच नव्हता. रेडा जितका चालेल तितकंच पाणी. सौरपंपाचं उलटं आहे. तो सर्वांत जास्त ओढतो नेमका दुपारी, सलग, आणि बंद करायला कोणी उठत नाही, कारण बिल येत नाही.

यात एक गोष्ट निवडीच्या वेळीच चुकते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाची ताकद जमिनीवर ठरते: अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. देशावरच्या विहिरींना हा हिशोब चालत असेल. जांभ्यातल्या बावेचे झरे सातबारा बघून पाणी देत नाहीत. जमिनीच्या मानाने बसतो त्यापेक्षा लहान पंप मागितला तर मिळतो, ही सोय नियमात आहे. पण फुकटात मोठं मिळत असताना लहान मागणारा मी तरी पाहिला नाही. मीही नाही मागितला.

मग केलं काय?

मोटारीचा वेग कमी केला. जितकी विजेची फ्रिक्वेन्सी तितका मोटारीचा वेग; कंट्रोलरमध्ये तिची कमाल मर्यादा असते, सहसा ५० हर्ट्झ. ती आम्ही ३५ वर आणून ठेवली. हे सेटिंग पासवर्डमागे असतं आणि योजनेतल्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते, तेव्हा स्वतः पेटी उघडून हमी घालवू नका, तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. त्याला नुसतं ‘पंप बंद पडतो’ म्हणून सांगू नका. ‘बावेची आवक तासाला इतकी आहे, मला पंप तासाला सहा हजारांवर आणून द्या’ असं सांगा. दुसऱ्या वाक्याने काम होतं.

३५ का, ३० का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. वेग निम्मा केला तर पाण्याचा ओघ निम्मा होतो, पण पाणी उचलण्याची उंची पाव होते. उंची वेगाच्या वर्गाने उतरते. आमचं पाणी जमिनीखाली २५ फूट आणि वरचा टप्पा १५ फूट, म्हणजे ४० फूट, साधारण १२ मीटर चढवायचंय. मोटार पूर्ण वेगात फार तर ३० मीटर उचलते. ३५ हर्ट्झला ती जेमतेम पंधरा मीटर उचलते, म्हणून पाणी शांतपणे पण नक्की चढतं. ३२ च्या खाली गेलं की मोटार गुणगुणत फिरते आणि वर थेंब येत नाही. मळभ असताना किंवा सकाळी लवकर ‘मोटार चालू, पाणी नाही’ अशी तक्रार असते तिचं कारणही बहुधा हेच. तो बिघाड नव्हे. ऊन वाढू द्या.

कंट्रोलरला हात लावता येत नसेल तर वर जाणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद करा. पंख्याच्या पंपाला हे चालतं. ओघ कमी झाला की त्याचा भारही कमी होतो. पूर्ण बंद मात्र करायचा नाही. स्क्रूच्या, म्हणजे पिळाच्या पंपाला हे अजिबात करू नका, तिथे नळी फुटेल किंवा मोटार अडकेल. आणि पाण्याबाहेर, वर बसवलेल्या मोनोब्लॉकला (मोटार आणि पंप एकाच तुकड्यात असतो तो) ओढणाऱ्या बाजूला कधीच अडवू नका.

यानंतर आमचा पंप नऊच्या सुमारास धरतो आणि एकपर्यंत सलग चालतो. एकूण लिटर वाढले का? नाही. प्रामाणिकपणे मोजलं तर थोडे कमीच झाले, कारण झरे देतील तेवढंच मिळणार. पण सलग पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत गेलं. तळाचा गाळ ढवळून यायचा थांबला. मोटारीचं दिवसाला दहा वेळा उठणं-बसणं संपलं.

खरी सुटका झाली ती त्यानंतर, वरच्या टप्प्यावर ५००० लिटरची टाकी आणि खाली ठिबक घातल्यावर. पाटाने वाडी शिंपायला दिवसाला २५ ते ३० हजार लिटर लागत. ठिबकवर माडाला ४० आणि पोफळीला १५ लिटर धरले तर सगळं सात हजारांत भागतं. टाकी भरली की फ्लोटने, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचने, पंप थांबतो, ठिबकला पाणी गेलं की पुन्हा उठतो, आणि बावेत दुपारी दोन वाजताही चार फूट पाणी असतं. काकूंना पाट बंद झाल्याचं दुःख आहे, अळू आणि केळी पाटाच्या काठावर पोसल्या जात त्या गेल्या. ते खरं आहे.

तुमचं घड्याळ वेगळं असेल तर

पंप कधी बसतो ती वेळ आणि महिना आठ दिवस लिहून ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं. बाव भरलेली असूनही बसत असेल तर पुढचं पाहा.

डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीननंतर बसतो आणि चैत्रात आपोआप सुधारतो? सावली. आपल्या अक्षांशाला मार्गशीर्ष-पौषात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो. ५० फुटी माडाची सावली तेव्हा दुपारी बारालाही उत्तरेकडे ४० फुटांहून लांब पडते, तीन वाजता त्याहून लांब आणि ईशान्येकडे वळलेली. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा तीच सावली बुंध्यात गोळा होते. ज्याने पॅनेलची जागा मेमध्ये ठरवली त्याला ती दिसलीच नसणार. आणि बुंध्याची हातभर रुंद सावलीही थोडकी समजू नका. सगळी पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात; सावली तिरकी होऊन चार पॅनेलांवरून गेली तर प्रत्येकाचा तुकडा बाद होतो, माळेचा व्होल्टेज पडतो आणि कंट्रोलर हात वर करतो. माड तोडायचा की पॅनेलं हलवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही दोन झावळ्या उतरवून भागवलं, पण ते दर वर्षी करावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये दीड ते तीन बसतो, संदेश तापमानाचा असतो? पेटीला पश्चिमेचं ऊन लागतंय का बघा. ती पॅनेलांच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला हलवून घ्या. जाळी आणि पंखा साफ करा. मुंग्यांनी आत घर केलेलं असतं, कधी पाल सर्किटवर चिकटून मेलेली असते. पालीने बंद पाडलेला कंट्रोलर मी शेजारी पाहिलाय, दुरुस्तीवाल्याने ती कागदात गुंडाळून पुरावा म्हणून दिली होती. नुसतं पाणी जानेवारीपेक्षा थोडं कमी येतंय, पण बसत नाही, असं असेल तर काळजी करू नका. पॅनेलचे आकडे २५ अंशाला मोजलेले असतात. मेच्या दुपारी त्याचा पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो आणि दर अंशाला एक टक्क्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त ताकद घटते. गरम झालं की सौर पॅनेल मंदावतं, हे अजून पुष्कळांना खोटं वाटतं.

सकाळी मोटार फिरते पण पाणीच धरत नाही, आणि पंप वर बसवलेला मोनोब्लॉक आहे? फूटव्हॉल्व्ह, म्हणजे ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप, गळतोय. पोफळीच्या सोलाचा एवढासा धागा अडकला तरी रात्रीतून नळी रिकामी होते. विजेवरची मोटार एकदम पूर्ण वेग घेऊन वेळ मारून नेते. सौरपंप सकाळी हळूहळू वेग घेतो, त्याला ते जमत नाही. ओढणाऱ्या नळीच्या सांध्यातून हवा जात असेल तरी कंट्रोलर ‘ड्राय रन’च दाखवतो. सांध्यावर साबणाचा फेस लावा, चालू पंपात तो आत ओढला जातो.

मोटार दुरुस्त होऊन आल्यापासून पाणी निम्मं? उलटी फिरत असेल. तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. दुरुस्तीवाल्याला दुसरं काही विचारण्याआधी हे विचारा.

पावसानंतर, किंवा सकाळी दव असताना वीजगळतीचा संदेश येतो आणि उन्हं चढल्यावर जातो? पॅनेलांखालचे जोड पाहा. कनेक्टर खाली लोंबकळत गवताला टेकलेले असतात, खाऱ्या हवेत आत तांबं हिरवं पडतं. ते सांगाड्याला वर बांधून घ्या. पण जोड उघडण्याआधी डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेल आणि कंट्रोलरमधला स्विच, बंद करा. चालू पंपात जोड ओढला तर ठिणगी पडत नाही, जाळ धरतो, आणि डीसीचा जाळ विझता विझत नाही. नऊ पॅनेलांच्या माळेत ४०० व्होल्टच्या आसपास वीज असते. मुख्य स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलातून येणारी वायर जिवंतच. घरचा वायरमन कितीही हुशार असला तरी त्याला हे मुद्दाम सांगा, कारण घरात त्याला फ्यूज काढला की निर्धास्त व्हायची सवय असते.

राहिली काच. ती पुसायचीच, पण पहाटे, गार असताना, गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बावेचं पाणी मचूळ असेल तर ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात, मग पुसण्याचा उपयोग काय?

पुळणीजवळच्या बावांना हा सगळा हिशोब जास्त कडक लागू होतो. तिथे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडं पाणी असेल तर त्याच्या खाली ढोबळमानाने चाळीस फूट गोडं टिकतं. म्हणजे वरची पातळी फूटभर कायमची उतरवली तर खालून खारं किती वर चढेल ते बघा. समुद्राच्या बाजूला वाडी असलेल्या काकांनी मागच्या मेमध्ये ५ एचपीचा पंप दिवसभर सोडला होता. मुंबईची मंडळी आलेली, टाकी सारखी रिकामी. आठवड्यात चहा खारट लागायला लागला. माड तेवढं सोसतो, पोफळ सोसत नाही. आता ते दोन तास पंप, दोन तास विश्रांती असा टायमर लावतात आणि रोज सकाळी बावेचं पाणी चाखून बघतात. पावसाळ्यानंतर पाणी परत गोडं झालं, पण पोफळींची शेंडं अजून सावरलेली नाहीत.

पावसाचे चार महिने पंप लागत नाही, म्हणून विसरू नका. उघडीप मिळाली की आठवड्यातून दहा मिनिटं फिरवा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये तो जाम झालेला सापडतो. वळवाच्या विजा आमच्याकडे मेअखेर आणि परतीच्या पावसात जास्त. तेव्हा आयसोलेटर पाडून ठेवा. कातळावरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर ओलावा नसतो आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग नावालाच उरतं. आम्ही ठिबकची एक नळी त्या खड्ड्यात सोडली आहे.